बाटली नंबर २१

हा भाग मी दुसऱ्यांदा रेकॉर्ड करतोय. पहिलं रेकॉर्डिंग मागच्या रविवारीच झालं होतं, एडिटसुद्धा झालं होतं. अपलोड करण्याआधी सवयीप्रमाणे सोमवारी हिंजवडीच्या बसमध्ये ऐकलं. आवाज बरा होता, माहिती बरोबर होती. पण त्यात माझ्याबद्दलची एक गोष्ट मी सोयीस्करपणे गाळली होती, आणि ती नसल्यामुळे सगळंच पोकळ वाटायला लागलं. म्हणून पुन्हा बसलोय. मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या तर सांभाळून घ्या. आईने स्पष्ट सांगितलंय की तुझ्या पॉडकास्टसाठी डाळ कच्ची राहणार नाही.

तर आजचा माणूस आहे आल्फ्रेड स्वेन टेलर. नाव ऐकलं नसेल. मीही ऐकलं नव्हतं. रात्री जेवताना शेरलॉक होम्सची सिरीज बघत होतो आणि डोक्यात आलं, की हा तर कथेतला माणूस, पण त्या काळात लंडनमध्ये खरोखर हे काम कोण करत होतं? मेलेल्या माणसाच्या पोटात विष आहे का, हे कोण शोधायचं? होम्सची पहिली कथा छापून आली १८८७ साली. टेलर त्याच्या सात वर्षं आधी, १८८० मध्ये वारला होता. म्हणजे होम्स जन्मला तेव्हा खऱ्या माणसाची कारकीर्द संपून गेली होती.

आता मी काही इतिहासकार नाही. बीटेक केलंय, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. त्यामुळे शोध घ्यायची माझी एकच पद्धत आहे, ती म्हणजे लॉग बघायचे. कुणी सांगितलं की 'सिस्टिम पडली', तर आपण त्याच्यावर विश्वास ठेवून बसत नाही, आपण लॉग उघडतो. टेलरबद्दल इंटरनेटवर जे लेख सापडले, त्यातल्या बऱ्याच लेखांत तो दोनच वाक्यांत आटोपलेला होता. एकात तो 'इंग्लंडमधल्या न्यायवैद्यकशास्त्राचा जनक', दुसऱ्यात 'एका खटल्यात घोळ घालणारा प्रोफेसर'. दोन्ही एकाच माणसाबद्दल. हे म्हणजे दुसऱ्याने काढलेला स्क्रीनशॉट बघण्यासारखं. मूळ लॉग कुठे आहे?

आणि लॉग आहे, मंडळी. लंडनच्या ओल्ड बेली कोर्टातल्या खटल्यांचे छापील वृत्तांत, १६७४ ते १९१३ पर्यंतचे, आज फुकट ऑनलाइन आहेत. मोबाइलवर उघडतात. टेलरने कोर्टात उभं राहून जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत वाचता येतं. फक्त एक गंमत आहे. त्या वृत्तांतांत बऱ्याच ठिकाणी वकिलाचा प्रश्न छापलेलाच नसतो, नुसतं उत्तर असतं, एकामागून एक. बसमध्ये शेजारचा माणूस फोनवर बोलत असतो आणि आपल्याला एकच बाजू ऐकू येते ना, अगदी तसं. "नाही, मी तसं म्हटलेलं नाही. हो, ते खरं आहे. सशांवर." मग पलीकडून काय विचारलं असेल ते आपण जुळवत बसायचं. मला त्याचं व्यसन लागलं. दोन आठवडे जाता-येता हेच. त्याची पुस्तकंही स्कॅन करून ठेवलेली सापडली, आणि हेलन बॅरल या लेखिकेने २०१७ मध्ये त्याचं चरित्र लिहिलंय, 'फेटल एव्हिडन्स' नावाचं, हेही कळलं. ज्यांना सगळं आयुष्य सविस्तर हवंय त्यांनी ते वाचावं. मी मला जिथे अडकायला झालं तेवढंच सांगणार आहे.

आधी थोडी ओळख. जन्म ११ डिसेंबर १८०६, केंट परगण्यातलं नॉर्थफ्लीट. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर कप्तान. सोळाव्या वर्षाच्या आसपास एका डॉक्टरकडे शिकाऊ म्हणून लागला, मग लंडनला गाइज हॉस्पिटलमध्ये. पुढे पॅरिसला गेला. तिथे ऑर्फिला नावाचा विषशास्त्रातला त्या काळचा सगळ्यात मोठा माणूस शिकवायचा. १८३० च्या जुलैमध्ये पॅरिसमध्ये क्रांती झाली, रस्त्यावर गोळीबार झाला, तेव्हा टेलर तिथेच होता. गोळीच्या जखमा कशा दिसतात हे त्याने पुस्तकात नाही, समोर पाहिलं. परत आला आणि १८३१ मध्ये गाइजमध्ये न्यायवैद्यकशास्त्राचा व्याख्याता झाला. वय वर्षं चोवीस! मी चोविसाव्या वर्षी पहिल्या कंपनीत बेंचवर बसून कॅरम शिकत होतो. हे पद त्याने १८७७ पर्यंत सांभाळलं. एकाच संस्थेत शेहेचाळीस वर्षं. आपल्या पिढीला हे विष पचवण्याइतकंच अवघड.

आणखी एक. फोटोग्राफी नुकती जन्माला येत होती तेव्हा, १८४० मध्ये, या माणसाने कागदावर प्रकाशाने चित्र उमटवण्यावर एक पुस्तिका लिहून काढली होती. नवीन काही दिसलं की हात घालून बघायचा, असा स्वभाव. असे लोक आपल्या प्रत्येक टीममध्ये एखाददुसरे असतात.

आता त्या काळात विषाचं एवढं का? कारण आर्सेनिक. आपल्याकडे त्याला सोमल म्हणतात. पांढरी पूड, पिठात मिसळली तर कळत नाही, चव जवळजवळ नाही, आणि उंदीर मारायला म्हणून दुकानात स्वस्तात मिळायची. खाल्लं की उलट्या, जुलाब, म्हणजे कॉलऱ्यासारखंच. आणि कॉलऱ्याने तर माणसं मरतच होती. मग संशय कोण घेणार? १८३६ मध्ये जेम्स मार्श या रसायनतज्ज्ञाने आर्सेनिक पकडण्याची एक खात्रीची चाचणी छापली. १८४१ मध्ये राइन्श नावाच्या जर्मन माणसाने आणखी सोपी चाचणी काढली. तिच्याबद्दल नंतर बोलू, सगळी गोष्ट तिच्यावरच अडकली आहे. १८५१ मध्ये कायदा आला की आर्सेनिक विकत घेणाऱ्याचं नाव वहीत लिहायचं आणि पांढऱ्या पुडीत काजळी किंवा नीळ मिसळून द्यायची, म्हणजे डोळ्यांना दिसेल.

या सगळ्या काळात कुठे संशयास्पद मृत्यू झाला की बरण्या टेलरकडे यायच्या. काचेच्या बरण्या, त्यात माणसाचं जठर, आतडी, यकृत. तपासायचं, आणि मग कोर्टात जाऊन शपथेवर सांगायचं. त्याच्या एका वाक्यावर माणूस सुटायचा किंवा फासावर जायचा. आपण प्रॉडक्शनला कोड टाकताना घाबरतो, हे त्याच्यासमोर काहीच नाही.

आता पामरचा खटला. विल्यम पामर, रुजली नावाच्या छोट्या गावातला डॉक्टर. डॉक्टरकी कमी, घोड्यांच्या शर्यती जास्त. कर्जात बुडालेला, आईची खोटी सही करून पैसे उचललेले. त्याचा मित्र जॉन पार्सन्स कुक. नोव्हेंबर १८५५ मध्ये श्रूजबरीच्या शर्यतीत कुकची घोडी जिंकली, पैसे मिळाले. आठवड्याभरात कुक मेला. रुजलीच्या एका खाणावळवजा हॉटेलात, पामरच्या घरासमोरच, झटके येऊन, शरीर धनुष्यासारखं वाकून. कुकच्या सावत्र वडिलांना त्याची पैजांची वही सापडेना, तिथून संशय सुरू झाला.

शवविच्छेदन हॉटेलातच झालं, आणि ऐका, पामर स्वतः तिथे हजर! जठर काढत असताना धक्का लागला आणि आतलं थोडं सांडलं. मग सीलबंद बरणी जागेवर दिसेना. शोधलं तर खोलीच्या दुसऱ्या टोकाला, दारापाशी, आणि तिच्या तोंडावरच्या पडद्याला दोन चिरा. बरण्या लंडनला न्यायच्या होत्या, तर त्या नेणाऱ्या गाडीवानाला पामरने गाडी उलटवण्यासाठी पैसे देऊ केले. तो बधला नाही. पण गावचा पोस्टमास्तर बधला. टेलरने वकिलाला पाठवलेलं पत्र त्याने फोडून वाचलं आणि मजकूर पामरला सांगितला. डेटा लीक, १८५५ मॉडेल. त्या पोस्टमास्तरला नंतर तुरुंग झाला.

पत्रात काय होतं? की स्ट्रिकनीन सापडलं नाही. थोडं अँटिमनी सापडलं, बस. स्ट्रिकनीन म्हणजे काजऱ्याच्या बियांतलं विष. कोकणातल्या लोकांना काजरा सांगायला नको. माझ्या आजीच्या बोलण्यात कडूपणाची हद्द म्हणजे काजरा.

मग टेलर कोरोनरच्या चौकशीला गेला. तिथे हॉटेलातल्या मोलकरणीने कुकच्या शेवटच्या रात्रीचं वर्णन केलं. ते झटके, ते ताठ होणं, शुद्ध शाबूत असणं. ते ऐकून टेलरने मत दिलं की मृत्यू स्ट्रिकनीननेच झाला. म्हणजे बरणीत काही नाही, पण लक्षणं बोलतायत. खटला मे १८५६ मध्ये लंडनला चालला. गावात निःपक्षपाती ज्युरी मिळणार नाही म्हणून संसदेला खास कायदा करावा लागला होता. बारा दिवस तज्ज्ञ विरुद्ध तज्ज्ञ. ब्रिस्टलचा रसायनतज्ज्ञ हेरापाथ म्हणाला, स्ट्रिकनीन दिलं असेल तर सापडलंच पाहिजे. टेलर म्हणाला, शरीरात शोषलं गेलं तर सापडणार नाही, मी सशांवर करून पाहिलंय. बचावाच्या वकिलाने त्या सशांवरून त्याला बराच धुतला. पण पामर दोषी ठरला आणि १४ जूनला स्टॅफर्डला फाशी गेला.

इथे मी दोन दिवस थांबलो. सापडलं नाही, तरी होतं? आमच्या धंद्यात असं म्हणणाऱ्याला हाकलून देतात. पण मग मला पुण्याचाच खटला आठवला, म्हणजे बाबांनी आठवून दिला. लागू खटला. जुन्या पुणेकरांना माहीत असेल. नोव्हेंबर १९५६, डॉ. अनंत चिंतामण लागू आणि त्यांच्याकडे उपचार घेणाऱ्या श्रीमंत विधवा, लक्ष्मीबाई कर्वे. रात्रीच्या गाडीने पुण्याहून मुंबईला डॉक्टरला दाखवायला म्हणून निघाले. मुंबईत बाईंना बेशुद्ध अवस्थेत उतरवलं, हॉस्पिटलात त्या गेल्या. नातेवाइकांना कळवलंच नाही. उलट त्यांनी दुसरं लग्न केलंय असं भासवणारी पत्रं त्यांच्या नावाने आली आणि इकडे त्यांचा पैसा लागूच्या हातात गेला. रासायनिक तपासणीत विष सापडलं नव्हतं. तरी लागू दोषी ठरला. सुप्रीम कोर्टात तीनपैकी दोन न्यायमूर्तींनी शिक्षा कायम केली, तिसऱ्यांचं मत वेगळं होतं. आणि न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांच्या निकालपत्रात चक्क पामरच्या खटल्याची चर्चा आहे. रुजलीच्या हॉटेलातून निघालेला प्रश्न शंभर वर्षांनी पुणे-मुंबई गाडीत. ते निकालपत्रही ऑनलाइन आहे, वाचाच.

तर पामरच्या खटल्यानंतर टेलर देशभर प्रसिद्ध. वर्तमानपत्रात त्याचं आणि त्याच्या सहकाऱ्याचं चित्र छापून आलं. वय पन्नाशीचं, रॉयल सोसायटीचा फेलो, विषांवरचं त्याचं पुस्तक त्या विषयातलं मुख्य पुस्तक. सगळ्या बाजूंनी शिखर. आणि तीन वर्षांनी बाटली नंबर २१ आली.

थॉमस स्मेथर्स्ट. हाही डॉक्टर. पहिली बायको त्याच्याहून वयाने बरीच मोठी, हयात. तरीही डिसेंबर १८५८ मध्ये त्याने इझाबेला बँक्स नावाच्या बाईशी चर्चमध्ये लग्न लावलं. बाईकडे पैसा होता. रिचमंडला राहायला गेले. मार्चअखेरीस इझाबेला आजारी पडली. उलट्या, जुलाब, थांबेचनात. १ मे १८५९ ला मृत्युपत्र झालं, सगळं स्मेथर्स्टला. २ मेला त्याला अटक झाली, बायको मरणाच्या दारात आहे म्हणून सोडलं, ३ मेला ती गेली. शवविच्छेदनात कळलं की ती गरोदर होती.

घरातल्या औषधाच्या बाटल्या टेलरकडे आल्या. प्रत्येकीला नंबर. एकविसाव्या बाटलीत त्याला आर्सेनिक सापडलं. त्याने तसं मॅजिस्ट्रेटसमोर शपथेवर सांगितलं. संपलं की मग सगळं! डॉक्टर नवरा, दुसरं लग्न, मृत्युपत्र, आणि घरात आर्सेनिकची बाटली.

आता ती राइन्शची चाचणी समजून घ्या, दोन मिनिटांची आहे. संशयित द्रव घ्यायचा, त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल घालायचं, उकळायचं आणि त्यात स्वच्छ तांब्याची पट्टी किंवा जाळी सोडायची. आर्सेनिक असेल तर तांब्यावर काळपट राखाडी थर चढतो. तो थर नळीत तापवला की पांढरे स्फटिक मिळतात. झालं. सोपी, स्वस्त, आणि टेलरने कित्येक वर्षं केलेली.

एकविसाव्या बाटलीत होतं पोटॅशियम क्लोरेट. साधं औषध. पण ते हायड्रोक्लोरिक आम्लात गेलं की क्लोरीन तयार होतो, आणि तो तांबं खाऊन टाकतो. टेलरने जाळी सोडली, विरघळली. दुसरी सोडली, तीही. क्लोरेट संपेपर्यंत हेच. मग पुढच्या जाळीवर तो ओळखीचा काळपट थर आला. आर्सेनिक! आणि ते खरोखरच आर्सेनिक होतं. फक्त ते बाटलीतलं नव्हतं. ते तांब्यातलं होतं. बाजारात मिळणाऱ्या तांब्यात आर्सेनिकचा अंश असतो. एरवी चाचणीत तांबं विरघळत नाही, म्हणून तो आतच बसून राहतो, कुणाला त्रास नाही. इथे तांबंच विरघळलं आणि त्याच्या पोटातलं विष भांड्यात उतरलं, ते नव्या जाळीवर चढलं.

मी हे वाचलं तेव्हा बस वाकड पुलाच्या सिग्नलला उभी होती. मी फोन उलटा करून मांडीवर ठेवला. आता ती गाळलेली गोष्ट.

तीन आठवड्यांपूर्वी आमच्याकडे एका पेमेंटच्या कामात डुप्लिकेट नोंदी दिसायला लागल्या. एकच व्यवहार दोनदा. तपासणीचं टूल मी लिहिलेलं आहे, दोन वर्षांपासून सगळे तेच वापरतात. टूलने सांगितलं, की नोंदी दुसऱ्या टीमच्या कोडमधून येतायत. तो कोड एका मुलाचा, नोकरीला लागून वर्षही झालेलं नाही, मला दादा म्हणतो. चार रात्री तो बसला. रोज सकाळच्या कॉलवर त्याचा मॅनेजर विचारायचा, सापडलं का? आणि तो म्हणायचा, अजून नाही, माझीच काहीतरी चूक असणार, बघतो.

गुरुवारी रात्री मला सहज शंका आली म्हणून मी माझ्या टूलचे लॉग काढले. समोरून उत्तर यायला उशीर झाला की माझं टूल तीच विनंती पुन्हा पाठवत होतं. नेटवर्क नीट असेल तर असं कधी होत नाही, म्हणून दोन वर्षं कळलं नाही. त्या आठवड्यात टेस्ट सर्व्हर हळू चालत होता. डुप्लिकेट नोंदी माझं टूलच तयार करत होतं आणि माझं टूलच त्या पकडून त्याच्या नावावर टाकत होतं.

मी काय केलं? रात्री साडेबाराला दोन ओळी बदलल्या. शुक्रवारी नोंदी बंद झाल्या. टिकेटवर लिहिलं, 'आता पुन्हा घडत नाही', आणि बंद केलं. कुणी विचारलं नाही. तो मुलगा म्हणाला, "दादा, आपोआप गेलं बहुतेक." मी म्हटलं, "होतं असं कधीकधी."

हे मी पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये गाळलं होतं. टेलरची चूक मात्र छान रंगवून सांगितली होती.

बरं, टेलरने काय केलं ते ऐका. मॅजिस्ट्रेटसमोर शपथेवर सांगून झालं होतं. वर्तमानपत्रांत छापून आलं होतं. खटला उभा राहण्याआधी त्याच्या लक्षात आलं की आर्सेनिक जाळीतून आलं. जुलैमध्ये खटला सुरू झाला, एक ज्युरर आजारी पडला म्हणून थांबला, ऑगस्टमध्ये नव्याने सुरू झाला. आणि तिथे, ओल्ड बेलीत, भर कोर्टात टेलरने सांगितलं की एकविसाव्या बाटलीत आर्सेनिक नव्हतं, मी वापरलेल्या तांब्यात होतं. मी तो भाग तीनदा वाचला. रडारड नाही, भाषण नाही. रसायनशास्त्राचा तास घेतल्यासारखं. मोठा नाटकी प्रसंग असेल असं मला वाटलं होतं. तसं काही नाही.

आणि त्याला फार मोठाही करायला नको. त्या घरातून आलेल्या दुसऱ्या एका नमुन्यात आर्सेनिक सापडल्याचं त्याचं म्हणणं त्याने सोडलं नाही. तेही तांब्यानेच तपासलेलं. स्मेथर्स्ट गुन्हेगार आहे या मतावर तो ठाम होता. आणि चूक कबूल करूनही काय झालं? ज्युरीने स्मेथर्स्टला दोषीच ठरवलं. फाशी! मला हे पटेना. मुख्य पुरावा पडला तरी फाशी. मग गदारोळ झाला. डॉक्टर, वकील, वर्तमानपत्रं, सगळीकडून गृहमंत्र्यांकडे अर्ज गेले. गृहमंत्री लुईस यांनी सर बेंजामिन ब्रॉडी या मोठ्या शल्यवैद्याचं मत मागवलं. ब्रॉडींचं म्हणणं पडलं की गुन्हा पुरेसा सिद्ध झालेला नाही. स्मेथर्स्टला माफी मिळाली. लगेच दोन लग्नांच्या गुन्ह्यात एक वर्ष सक्तमजुरी झाली, ती भोगून तो बाहेर आला आणि इझाबेलाच्या मृत्युपत्रासाठी कोर्टात गेला. जिंकला! तिला खरंच विष दिलं होतं का, की गरोदरपणातल्या आजाराने ती गेली, यावर आजही लोक भांडतात.

टेलरचं मात्र लोकांनी सोडलं नाही. वैद्यकीय नियतकालिकांनी सोलून काढलं. लोक विचारायला लागले, की आजवर याच तांब्याने तपासून किती जणांना फासावर पाठवलंत? प्रश्न रास्त होता. क्लोरेट नसेल तर तांबं विरघळत नाही, हे उत्तरही बरोबर होतं. पण असली उत्तरं ऐकायला कोण थांबतं. त्यानंतरही तो अठरा वर्षं शिकवत राहिला. त्याचं सगळ्यात मोठं पुस्तक, 'प्रिन्सिपल्स अँड प्रॅक्टिस ऑफ मेडिकल जुरिसप्रूडन्स', या बदनामीनंतरचं आहे, १८६५ चं. तो गेल्यावरही दुसरे लोक त्याच्या आवृत्त्या काढत राहिले, पार १९८४ पर्यंत. २७ मे १८८० ला रीजंट्स पार्कजवळच्या घरी तो वारला. पामरला दोषी ठरवलं तीही २७ मेच, चोवीस वर्षं आधीची. योगायोग, दुसरं काही नाही.

मी मंगळवारी त्या मुलाला कँटीनमध्ये गाठलं. चहा घेतला. सांगितलं. म्हटलं, टूल माझं, बग माझा, मला गुरुवारीच कळलं होतं, मी बोललो नाही. तो थोडा वेळ कपातच बघत बसला. चिडला असता तर बरं झालं असतं. मग त्याने फोन काढला आणि त्याच्या त्या चार रात्रींच्या नोंदी दाखवल्या. व्यवस्थित मुलगा आहे, सगळं लिहून ठेवतो. दुसऱ्या रात्रीच्या यादीत सातवी ओळ होती, 'टूल चेक करायचं?' आणि त्यावर काट मारलेली.

मी विचारलं, का खोडलंस?

तो म्हणाला, "दादा, टूल तुमचं होतं ना."

टिकेट मी पुन्हा उघडलं. कारणाच्या जागी जे होतं ते लिहिलं, खाली माझं नाव टाकलं. बुधवारच्या सकाळच्या कॉलवर ते वाचून दाखवलं, दीड मिनिट लागलं. त्याच्या मॅनेजरने एवढंच विचारलं की हे टूल आणखी कुठे कुठे वापरलंय. त्याची यादी करायचं काम आता माझ्याकडे आहे, दोन वर्षांची, आणि म्हणूनच पुढचा भाग बहुतेक आठवडाभर उशिरा येईल. कुकर झालाय, जेवायला बोलावतायत. भेटू.